एल निनोचा माग आयनांबरापर्यंत: नाशिकमध्ये बसून करायचा अभ्यास

जून अर्धा सरला तरी गंगापूर धरणाच्या पाणलोटात पाऊस नसला, की एल निनो हा शब्द पिंपळगावच्या बाजार समितीपासून कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. पाऊस कमी झाला तर एल निनो, अवकाळी आला तरी एल निनो. कांद्याचा भाव पडला तरी कुणीतरी त्याला मध्ये ओढतंच. या सगळ्या बोलण्यात आपलं लक्ष खालीच असतं: समुद्र, ढग, पाऊस, धरण. पण प्रशांत महासागराचा पृष्ठभाग अंशा-दोन अंशांनी तापला की त्याचे पडसाद वरही उमटतात. ते आधी ढगांच्या माथ्याला पोचतात, तिथून स्थितांबरात, तिथून १०० किलोमीटरवर आणि शेवटी ३०० किलोमीटरवरच्या आयनांबरात. तुमच्या मोबाइलचा जीपीएस संकेत रोज याच थरातून खाली येतो.

हे पडसाद घरबसल्या, फुकट मिळणाऱ्या आकड्यांत कसे शोधायचे, ते इथे क्रमाने सांगतो. विज्ञान शाखेचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, हौशी रेडिओवाले, ड्रोन किंवा सर्वेक्षणाचं काम करणारे आणि निव्वळ कुतूहल असलेले, सगळ्यांना झेपेल असं काम आहे. इंटरनेट, एक्सेलसारखा तक्ता आणि बारावीचं भौतिकशास्त्र एवढी शिदोरी पुरते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. समुद्राचा हा परिणाम खरा आहे, पण बारीक आहे, काही टक्क्यांचा. सूर्याचा परिणाम त्याच्या कितीतरी पट मोठा. त्यामुळे निम्मं काम शोधण्याचं आणि निम्मं वजाबाकीचं. वजाबाकी टाळून आलेख काढले तर सुतावरून स्वर्ग गाठला जातो, आणि तसे आलेख समाजमाध्यमांवर रोज फिरत असतात.

आधी वाट समजून घ्या

विषुववृत्ताजवळ तपांबराची उंची १६ ते १७ किलोमीटर. त्याच्या माथ्याला, म्हणजे तपस्तब्धीला, तापमान उणे ८० अंशांच्या आसपास असतं. इंडोनेशिया, कांगोचं खोरं आणि ॲमेझॉन या तीन ठिकाणी रोज दुपारनंतर ढगांचे मनोरे इथपर्यंत चढतात. वाफेचं पाणी होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो आणि आजूबाजूची हवा तापते. ही तापण्याची क्रिया रोज ठरल्या वेळी होत असल्यामुळे हवेत २४ तासांच्या आवर्तनाच्या लाटा तयार होतात. त्यांना वातावरणातली भरती-ओहोटी म्हणतात. समुद्राची भरती मुख्यतः चंद्रामुळे येते, ही मात्र मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळे.

आता या लाटा वर निघतात. वर हवा विरळ होत जाते. १०० किलोमीटरवर ती जमिनीजवळच्या हवेच्या साधारण वीस लाखाव्या भागाइतकीच दाट असते. ऊर्जा तेवढीच आणि हलवायची हवा कमी, म्हणून लाटेचा झोका वाढत जातो. आसुडाच्या मुठीशी दिलेला हलका झटका टोकाला पोचेपर्यंत फटका होतो, तसं. हिशेब सोपा आहे: दर १४ किलोमीटरला झोका साधारण २.७ पट होतो. १६ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंत असे सहा टप्पे, म्हणजे सुमारे ४०० पट. ढगांच्या माथ्याला सेकंदाला १० सेंटिमीटरची झुळूक असेल, तर कागदावर तरी १०० किलोमीटरवर ती सेकंदाला ४० मीटरचा वारा होते. प्रत्यक्षात वाटेत बरीच ऊर्जा खर्ची पडते, पण काही दहा मीटरचे वारे तिथे खरोखर मोजलेले आहेत.

या लाटांपैकी एक आपल्या कामाची आहे. शास्त्रज्ञ तिला डीई३ म्हणतात: दिवसात एक आवर्तन, पूर्वेकडे प्रवास आणि पृथ्वीभोवती तीन शिखरं. ढगांनी सोडलेल्या उष्म्यातून ती जन्मते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सर्वात जोमात असते. ९० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यात पोचल्यावर ती तिथल्या विद्युतभारित हवेला ढकलते. तिथे आयन वाऱ्याबरोबर फरफटत जातात, इलेक्ट्रॉन मात्र पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना चिकटून राहतात. या ओढाताणीतून विद्युतक्षेत्र तयार होतं. दिवसा ते पूर्वेकडे रोखलेलं असतं आणि चुंबकीय विषुववृत्तावरचा (जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात तिथला) आयनद्रव, म्हणजे विद्युतभारित वायू, सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने वर उचलतं. वर गेलेला आयनद्रव मग चुंबकीय रेषांवरून उत्तरेला आणि दक्षिणेला घरंगळतो आणि साधारण १५ अंश चुंबकीय अक्षांशावर त्याचा ढीग लागतो.

भारतात चुंबकीय विषुववृत्त तिरुवनंतपुरम आणि तिरुनेलवेलीच्या परिसरातून जातं. १९६३ मध्ये पहिलं रॉकेट उडवायला थुंबा निवडलं ते याच कारणासाठी. तिथून वर गेलेल्या आयनद्रवाचा उत्तरेकडचा ढीग पडतो तो अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. नाशिक २० अंश उत्तरेला, म्हणजे या ढिगाच्या दक्षिण उतारावर. उतारावर असण्याचा फायदा असा की ढीग थोडा जरी सरकला तरी आपल्या डोक्यावरचा आकडा लगेच हलतो. हा ढीग ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲपल्टन यांनी १९४६ मध्ये दाखवून दिला, आणि त्यामागे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा हात आहे हे त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांनी मांडलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मित्रांचं नाव शोधावं लागतं, हे खटकतं.

समुद्राचं आणि या सगळ्याचं नातं २००६ मध्ये डोळ्यांना दिसलं. नासाच्या इमेज उपग्रहाच्या नोंदींमध्ये आयनांबराच्या पट्ट्यावर पृथ्वीभोवती चार ठळक जागा सापडल्या. तीन जागा होत्या ॲमेझॉन, कांगो आणि इंडोनेशियाच्या गडगडाटी ढगांच्या वर. चौथी प्रशांत महासागरावर होती. शिखरं तीन असताना जागा चार का? लाट पूर्वेकडे सरकते आणि उपग्रहाच्या नोंदी एकाच स्थानिक वेळेच्या असतात, त्यामुळे त्या चौकटीत एक शिखर जास्त दिसतं.

आता एल निनो यात कुठे शिरतो ते बघा. एल निनोत ढगांचा मुक्काम इंडोनेशियावरून उठून मध्य प्रशांत महासागरात जातो आणि ला निनात, म्हणजे तोच समुद्र नेहमीपेक्षा थंड असताना, तो इंडोनेशियाकडेच घट्ट बसतो. तापवणारी जागा बदलली की लाटांचं मिश्रण बदलतं. २०१०-११ च्या ला निनात डीई३ ठळकपणे वाढलेली आढळली. म्हणजे वरच्या थरात परिणाम घडवायला एल निनोच लागतो असं नाही, ला निनाही तितकीच, कधी कधी जास्तच, बोलकी असते. बातम्यांत एल निनोचा गाजावाजा जास्त होतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

पायरी १: समुद्राची नोंदवही

ही पायरी सर्वात सोपी. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर १९५० पासूनचा ओएनआय हा निर्देशांक मिळतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंश आणि पश्चिम रेखांश १७० ते १२० या चौकोनात समुद्राचं तापमान नेहमीपेक्षा किती वर-खाली आहे, त्याची ही तीन महिन्यांची सरासरी. अधिक ०.५ किंवा जास्त अशी सलग पाच वेळा आली की एल निनो, उणे ०.५ किंवा त्याखाली गेली की ला निना. २०१५-१६ चा कळस अधिक २.६ च्या घरात होता, २०२३-२४ चा २ च्या आसपास.

हिंदी महासागराचा द्विध्रुव निर्देशांक (त्याच्या पश्चिम आणि पूर्व बाजूंच्या तापमानातला फरक) आणि एमजेओ या ढगांच्या जथ्याचे आकडे ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याकडे आहेत. द्विध्रुव विसरू नका. २०१९ मध्ये तो जोरदार अधिक बाजूला होता, त्या वर्षी देशभरात मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला, ऑगस्टमध्ये गोदेला महापूर आला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीने द्राक्षबागांची माती केली. १९९७ मध्ये उलट गोष्ट घडली: एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वात तगड्यांपैकी, आणि भारतात पाऊस १०२ टक्के. खाली जमिनीवरच एल निनो आणि पाऊस यांचं नातं इतकं सैल आहे, तर ३०० किलोमीटरवर ते दोरीसारखं ताठ असेल अशी अपेक्षा धरू नये.

एमजेओ म्हणजे हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ५ मीटरने सरकणारा, ३० ते ६० दिवसांत फेरी मारणारा ढगांचा जथा. मॅडन आणि ज्युलियन यांनी तो १९७१ मध्ये मांडला. त्याचे आठ टप्पे क्रमांकाने दिलेले असतात. तक्त्यात एक रकाना त्याच्यासाठी ठेवा.

पायरी २: मुंबईचा फुगा

वर चढायला पहिला जिना आपल्या अगदी जवळ आहे. मुंबईत सांताक्रूझहून हवामान खात्याचे फुगे सुटतात, जागतिक वेळेनुसार ०० आणि १२ वाजता, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. त्यांच्या नोंदी अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. केंद्र क्रमांक ४३००३.

एखादी नोंद उघडलीत की दाब, उंची आणि तापमान हे तीनच रकाने बघा. २०० हेक्टोपास्कलला तुम्ही १२ किलोमीटरच्या थोडं वर असाल, १०० ला साडेसोळाच्या आसपास, ७० ला साडेअठराच्या पुढे. तापमान खाली उतरत उतरत जिथे परत चढायला लागतं, ती तपस्तब्धी. हा बाक स्वतःच्या डोळ्यांनी आकड्यांत बघितला की पुढचं सगळं सोपं जातं.

मग जानेवारीच्या पहाटेच्या नोंदी घ्या आणि दरवर्षीची २०० आणि ७० हेक्टोपास्कलची महिन्याची सरासरी काढा. विषुववृत्तीय पट्ट्याची सरासरी घेतली तर एल निनोच्या हिवाळ्यात तपांबर तापतं आणि स्थितांबराचा तळ थंड होतो, कारण तिथली हवा वर चढण्याचा वेग वाढतो. ओझोनही विषुववृत्तावरच्या खालच्या स्थितांबरातून कमी होऊन ध्रुवांकडे जास्त पोचतो. मुंबईच्या एकट्या फुग्यात हे चित्र दरवेळी स्वच्छ उमटत नाही, कारण हिवाळ्यात उत्तर भारतावरचा पश्चिमी झोत, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, आपला हात मारून जातो. फुगे मधले दिवस चुकतात, काही ७० हेक्टोपास्कलच्या आधीच फुटतात. ज्या महिन्यात निम्म्याहून कमी नोंदी असतील तो महिना सरळ गाळा.

पायरी ३: सिंगापूरचा वारा

स्थितांबरात विषुववृत्तावर वारा सुमारे २८ महिन्यांच्या चक्रात दिशा बदलतो: काही काळ पूर्वेकडून, काही काळ पश्चिमेकडून, आणि बदल वरून खाली महिन्याला साधारण एक किलोमीटरने उतरतो. हीच क्यूबीओ. १९६०-६१ मध्ये रीड आणि एब्डन यांनी ती स्वतंत्रपणे ओळखली. सिंगापूरच्या फुग्यांवरून महिनेवार आकडे मिळतात, ३० हेक्टोपास्कलचा रकाना घ्या, तो सुमारे २४ किलोमीटरवरचा.

क्यूबीओ या कामात पहारेकऱ्याच्या जागी आहे: कोणती लाट वर जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची हे बऱ्याच अंशी तिच्या वाऱ्यावर ठरतं. म्हणून तिची नोंद नसेल तर एल निनोच्या खात्यात तिचं श्रेय जमा होतं. शिवाय तिचा स्वतःचा चक्राकार क्रमही अभेद्य नाही. २०१६ च्या सुरुवातीला, तगडा एल निनो चालू असताना, पश्चिमी वाऱ्याच्या मधोमध अचानक पूर्वेकडचा वारा घुसला. १९५३ पासूनच्या नोंदींत असं कधी झालं नव्हतं. लगेच बोट एल निनोकडे गेलं. पण २०१९-२० मध्ये तसाच खंड पुन्हा पडला, आणि तेव्हा तगडा एल निनो नव्हता.

पायरी ४: नाशिकच्या डोक्यावरचा आकडा

आता मुख्य काम. जमिनीपासून उपग्रहापर्यंत एक चौरस मीटरचा खांब कल्पून त्यात किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजतात, त्याला टीईसी म्हणतात. एक एकक म्हणजे १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन. जगभरच्या जीपीएस केंद्रांवरून याचे नकाशे १९९८ पासून तयार होतात. नासाच्या संग्रहातून ते मोफत उतरवता येतात, आधी खातं काढावं लागतं एवढंच. एकत्रित नकाशे दर दोन तासांचे असतात. २००३ पासूनचे घ्या म्हणजे वेळा जुळतात.

फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, कारण नुसते आकडेच आकडे. पण आपल्याला दर दिवसाला एकच आकडा हवाय. नकाशाची जाळी अक्षांशात अडीच अंशांची आणि रेखांशात पाच अंशांची आहे. त्यामुळे २० अंश उत्तर, ७५ अंश पूर्व हा बिंदू नेमका जाळीच्या गाठीवर येतो. नाशिकपासून तो सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे. आयनांबराच्या हिशेबात हे अंतर म्हणजे शेजारच्या गल्लीत जाण्याइतकंच.

दिवसाचा पाचवा नकाशा शोधा, तो जागतिक वेळेने सकाळी ८ चा, आपल्या घड्याळात दुपारी दीडचा. त्यात अक्षांश २०.० असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्याखाली ७३ आकडे आहेत, एका ओळीत १६. पहिला आकडा उणे १८० रेखांशाचा, पुढचे पाच-पाच अंशांनी. ७५ अंश पूर्व म्हणजे बावन्नावा आकडा: चौथ्या ओळीतला चौथा. तिथे ५२३ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ५२.३ एककं, कारण आकडे दसपटीने लिहिलेले असतात. ९९९९ दिसलं तर तिथे नोंदच नाही. फाइलच्या उत्तरार्धात अगदी अशाच मांडणीचे दुसरे नकाशे असतात, ते अनिश्चिततेचे. त्यातला आकडा नजरचुकीने उचलला जाणं सहज शक्य आहे. ५२ च्या जागी ४ किंवा ५ यायला लागले की समजा, तुम्ही चुकीच्या निम्म्यात आहात.

पायथन येणारा भाचा किंवा पुतण्या घरात असेल तर हे काम त्याच्याकडून करून घ्या. पण पहिले काही दिवस हाताने काढाच. हाताने काढलेले आकडे पुढे त्याचा प्रोग्राम तपासायला लागतात.

या नकाशांची मर्यादाही ध्यानात ठेवा. आपल्या भागातली या जाळ्यातली केंद्रं हैदराबाद आणि बंगळुरूसारख्या ठिकाणी, दूर दूर आहेत. मधलं चित्र गणिताने भरलेलं असतं. त्यामुळे अहमदाबाद-भोपाळचा ढीग नकाशात प्रत्यक्षापेक्षा बुटका आणि पसरट दिसतो. एका दिवसाच्या आकड्यावर काही बोलू नका, महिन्याच्या सरासरीवर बोला.

पायरी ५: सूर्य वजा करा

इथे सर्वात जास्त वेळ द्यायचा आहे. एक उदाहरण घ्या. २०२० च्या ऑगस्टपासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ला निना होती, आणि २०२३-२४ मध्ये एल निनो आला. या दोन काळांतले नाशिकवरचे दुपारचे आकडे शेजारी ठेवले तर एल निनोत इलेक्ट्रॉन भरमसाट वाढलेले दिसतील. आलेख इतका देखणा येतो की छापायचा मोह होतो. पण २०२० मध्ये सूर्य त्याच्या चक्राच्या तळाशी होता आणि २०२४ मध्ये माथ्यावर. वाढ सूर्याची आहे, समुद्राचा त्यात नखाइतका वाटा.

सूर्याचा जोर मोजायला एफ१०.७ हा आकडा वापरतात: सूर्याकडून येणाऱ्या १०.७ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींची तीव्रता. कॅनडात १९४७ पासून तो रोज मोजला जातो, हल्ली पेंटिक्टन इथे. तळाला तो ७० च्या खाली जातो, माथ्याला २०० ओलांडतो. तक्त्यात दोन प्रकार मिळतील, प्रत्यक्ष मोजलेला आणि सूर्याच्या सरासरी अंतराला जुळवून घेतलेला. आपल्याला प्रत्यक्ष मोजलेला हवा. आयनांबराला सूर्य जितका दूर असेल तितकाच मिळतो, सरासरी अंतराशी त्याला देणंघेणं नाही. जानेवारीची जुलैशी तुलना केली तर या एका निवडीने जवळजवळ ७ टक्क्यांचा फरक पडतो, आणि आपण शोधतोय ते काही टक्केच.

करायचं असं. त्या दिवसाचा एफ१०.७ आणि त्याच्याभोवतीच्या ८१ दिवसांची सरासरी, या दोघांची सरासरी काढा. ८१ दिवस म्हणजे सूर्याच्या स्वतःभोवतीच्या तीन फेऱ्या. मग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणाऱ्या केपी निर्देशांकाचा रकाना लावा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या संस्थेकडे तो १९३२ पासूनचा आहे. ज्या दिवशी केपी ४ किंवा वर गेला तो दिवस आणि त्याचा दुसरा दिवस गाळा. भूचुंबकीय वादळात आयनांबर इतकं ढवळून निघतं की समुद्राचा आवाज ऐकू येणं शक्यच नाही. १० मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्लेहून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला होता, त्या आठवड्याचे आकडे ठेवून कुणी निष्कर्ष काढत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार.

उरलेले दिवस महिन्यागणिक वेगळे करा. नाशिकवर टीईसी मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर चढतं, जून-जुलैत उतरतं. त्यामुळे जानेवारीची तुलना जानेवारीशीच. प्रत्येक महिन्यासाठी आडव्या अक्षावर सूर्याचा आकडा, उभ्यावर टीईसी, आणि एक्सेलची ट्रेंडलाइन. ती सरळ रेषेची न घेता दुसऱ्या घाताची घ्या, कारण सूर्य फार जोरात असला की टीईसी त्याच प्रमाणात वाढत नाही, रेषा वरच्या टोकाला वाकते. प्रत्येक बिंदू रेषेच्या किती वर किंवा खाली आहे, तो फरक नव्या रकान्यात लिहा आणि टक्क्यांत करा. समुद्राचं जे काही असेल ते या शिल्लक रकान्यात आहे.

मग ही शिल्लक ओएनआयसमोर मांडा, क्यूबीओच्या दोन दिशांचे महिने वेगवेगळ्या रंगात दाखवा. एक-दोन-तीन महिने पुढे-मागे सरकवूनही बघा. काही टक्क्यांचा कल दिसला तर काम जमलं. २० टक्के दिसला तर सूर्य नीट वजा झालेला नाही, परत मागे जा. शांत दिवसांतही टीईसी रोजच्या रोज १५-२० टक्के वर-खाली होतं, एवढं ध्यानात असलं की हुरळून जायला होत नाही.

आणि २००३ नंतर मोठे एल निनो किती? २०१५-१६ आणि २०२३-२४. २००९-१० मध्यम ते तगड्याच्या सीमेवर. एवढ्या मोजक्या घटनांवर ठाम विधान करायचं नसतं, महाविद्यालयाच्या प्रकल्पात तर नाहीच. बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

एमजेओचं पाहायचं असेल तर घटना भरपूर मिळतात, वर्षाला कित्येक. पण तिथे सापळा वेगळा आहे. सूर्य २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि एफ१०.७ त्याच तालावर वर-खाली होतो. एमजेओचं आवर्तन ३० दिवसांपासून सुरू होतं. दोन्ही इतके जवळ की आवर्तन दिसलं म्हणजे ते समुद्राचंच, असं म्हणता येत नाही. सूर्य तळाशी असलेली वर्षं, २००८-०९ आणि २०१९-२०, यासाठी निवडा.

पायरी ६: अलिबागची साक्ष

टीईसी हा शेवटचा परिणाम आहे. त्याच्या आधीची कडी, १०० किलोमीटरवरचं विद्युतक्षेत्र, तपासायची सोय महाराष्ट्रातच आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून चालू आहे. त्याआधी हे काम कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर उपकरणं अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभर वापरली जाते.

रीत अशी: तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, अलिबाग त्यापासून दूर. दोन्हीकडच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकातून आपापली मध्यरात्रीची पातळी वजा करा. मग तिरुनेलवेलीतून अलिबाग वजा करा. जे उरतं ते विषुववृत्ताच्या वर १०० किलोमीटरच्या आसपास वाहणाऱ्या विजेच्या झोताचं, म्हणजे इलेक्ट्रोजेटचं. शांत दिवशी दुपारी हा आकडा साधारण ५० ते १०० नॅनोटेस्ला असतो. कधी कधी दुपारनंतर तो शून्याखाली जातो, म्हणजे झोत उलटा वाहिला. असे उलटे दिवस वेगळे लिहून काढा. अलिबागचे आकडे आंतरराष्ट्रीय चुंबकीय जाळ्यावर आहेत, तिरुनेलवेलीसाठी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेशी महाविद्यालयामार्फत पत्रव्यवहार करावा.

पायरी ७: सरावासाठी जानेवारी २००९

रीत जमली की नाही हे कळायला आधी ठळक घटनेवर हात साफ करा. जानेवारी २००९ च्या उत्तरार्धात उत्तर ध्रुवावरचं स्थितांबर काही दिवसांत कित्येक अंशांनी तापलं, २३-२४ तारखेच्या सुमारास ते शिगेला पोचलं. सूर्य तेव्हा झोपलेला होता, एफ१०.७ जेमतेम ७० आणि वादळं जवळपास नाहीत. त्यामुळे जे दिसतं ते खालून आलेलं. पेरूमध्ये आयनद्रवाची उचल सकाळी वाढली, दुपारी घटली, आणि हा नमुना रोज थोडा थोडा उशिरा सरकत गेला. उशीर चंद्राच्या तालावर होता, २६ जानेवारीला अमावास्या होती. नाशिकसाठी हे शोधताना दुपारी दीडचा एकच आकडा पुरणार नाही, त्या पंधरवड्यातले दर दोन तासांचे सगळे आकडे काढा आणि महिन्याच्या सुरुवातीच्या शांत दिवसांच्या सरासरीतून फरक बघा.

एल निनोचे हिवाळे ध्रुवीय भोवऱ्याला, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या स्थितांबरातल्या वाऱ्याला, खिळखिळं करतात, हे बरोबर आहे. त्या वर्षी मात्र सौम्य ला निना होती. तरीही एवढी मोठी घटना घडली. एका घटनेला एकच कारण चिकटवायची घाई का करू नये, हे या उदाहरणाइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. दुसरा सराव सप्टेंबर २०१९ चा: तेव्हा दक्षिण ध्रुवावर असंच क्वचित घडणारं तापणं झालं आणि आयनांबरात सुमारे सहा दिवसांचं आवर्तन उमटलं.

जीपीएस आणि ड्रोनवाल्यांसाठी

मोहाडीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने मला विचारलं होतं, "काका, एल निनो आला की ड्रोनचं जीपीएस भरकटतं म्हणतात, खरं का?" नाही. टीईसीचं एक एकक म्हणजे जीपीएसच्या मुख्य लहरीवर १६ सेंटिमीटरची चूक. सूर्य माथ्यावर असताना आपल्या अक्षांशावर दुपारी १०० एककं सहज होतात, म्हणजे १६ मीटर. त्यात समुद्राचे काही टक्के म्हणजे फार तर अर्धा-पाऊण मीटर, आणि तेही दोन लहरींवर चालणारा रिसीव्हर आपोआप काढून टाकतो. आरटीकेचं, म्हणजे जीपीएसची चूक जागेवरच दुरुस्त करणाऱ्या पद्धतीचं, बेस स्टेशन बागेतच असेल तर विषयच मिटला.

खरा त्रास सूर्यास्तानंतरचा. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, संध्याकाळी साडेसातपासून मध्यरात्रीपर्यंत आयनांबरात विरळ बुडबुडे उठतात आणि संकेत लुकलुकतो, कधी तुटतो. अशा महिन्यांत रात्रीची फवारणी किंवा हद्दमोजणी ठेवायची असेल तर आधी रिसीव्हरवर किती उपग्रहांशी पकड टिकते ते दहा मिनिटं बघा. पकड सारखी सुटत असेल तर काम सकाळवर ढकला.